साडेचार बोटांचा पंजा

गिरणीच्या दफ्तरात त्या आगीच्या बंबाचं नाव ‘वाहन क्रमांक तीन’ असं होतं. एक आणि दोन कधीच नव्हते. कुणी विचारलंच तर ते मंजुरीला गेलेत असं सांगायचे. गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं झाली, म्हणजे आता मंजुरी यायला हरकत नव्हती.

मुंजाबा त्या बंबाचा ड्रायव्हर. मूळचा पिशोरचा, मेंढरांमागं वाढलेला. सुताच्या गिरणीत आग कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून गिरणीनं स्वतःचा बंब ठेवला होता आणि तो चालवायला मुंजाबाला. मेंढरं आणि बंब यांत फरक एवढाच, असं तो नव्या माणसांना सांगायचा, की मेंढरं ओरडल्यावर थांबतात. बंबाच्या ब्रेकला आगाऊ कळवावं लागायचं.

चौदा वर्षं त्यानं तो चालवला. नंतर गिरणीला कुलूप लागलं, बंब भंगारात गेला, मुंजाबा एका शाळेच्या फाटकावर बसला, आणि म्हातारा झाला. हे सगळं जवळपास एकाच वेळी झाल्यासारखं त्याला वाटायचं.

मग श्रीनिवासराव आले. श्रीनिवासराव म्हणजे निवृत्त इंजिनिअर. इतर लोक निवृत्तीनंतर बाग करतात, यांनी जुन्या गाड्या जमवायचा न्यास काढला. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं एक पत्र्याची मोठी शेड घेतली आणि तिथं अकरा स्कूटर, एक डबल डेकर बसचा फक्त वरचा मजला आणि एक रोडरोलर एवढा ऐवज मांडला. रोडरोलर क्रांती चौकातून स्वतःच्या पायानं आला होता. त्याला अख्खी सकाळ लागली, आणि त्याच्या मागं अडकलेल्यांपैकी काही जण अजून श्रीनिवासरावांशी बोलत नाहीत.

भंगारवाल्याकडं एक बंब पडलाय असं त्यांना मुंजाबानंच जाऊन सांगितलं. केबिनमधून वेडी बाभूळ वर आली होती आणि पायपाच्या पेटीत कोंबडी अंड्यावर बसली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत कोंबडीला उठवणार नाही, असं भंगारवाला म्हणाला, म्हणून सगळा न्यास एकवीस दिवस थांबला.

बंब शेडमध्ये आला तेव्हा विमावाल्यानं अट घातली, की त्याच्या दोन्ही अंगांना आग विझवायचं एकेक लाल नळकांडं टांगलं पाहिजे. बंबाला आग लागली तर.

“आन नळकांड्याला लागली तर?” मुंजाबानं विचारलं.

विमावाल्यानं ते लिहून घेतलं.

“मुंजाबा, तुम्ही आमचे सल्लागार,” श्रीनिवासराव म्हणाले. “तुम्हाला काय पाहिजे ते मोकळेपणानं सांगा.”

मुंजाबाला एकच गोष्ट पाहिजे होती. डाव्या अंगाच्या मागच्या कप्प्याचं दार आतून कुणी रंगवायचं नाही. त्यानं ते दार उघडून दाखवलं. आतल्या पांढऱ्या रंगावर एक लाल पंजा उमटलेला होता. लहान, पोराचा असावा असा, आणि करंगळीच्या जागी अर्धंच बोट.

“कुणाचा आहे हा?” श्रीनिवासरावांची मुलगी चारुता हिनं विचारलं. ती जुन्या वस्तू जतन करण्याचं शिकून आली होती आणि गाडीला हात लावायच्या आधी हातमोजे घालायची. बंबाला कुणी हातमोजे घालून हात लावतंय हे मुंजाबानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

“कडुबाचा,” तो म्हणाला.

कडुबाही पिशोरचाच. मुंजाबानंच त्याला गिरणीत आणला होता, हंगामी म्हणून. बंबावर घंटा वाजवायची आणि आग दिसली की पाइप घेऊन पळायचं, हे त्याचं काम. अंगानं हाडकुळा, आणि हात तर एवढेसे, की गिरणीनं दिलेले हातमोजे त्याला कोपरापर्यंत यायचे. करंगळीचं वरचं पेर लहानपणी मेंढरांची लोकर कातरताना गेलं होतं. “मेंढरू वाचलं ना पन,” एवढंच तो त्याबद्दल म्हणायचा.

एकोणनव्वद साली खंडेनवमीला गिरणीत सगळ्या यंत्रांची पूजा होती. दरवर्षीचा रिवाज असा, की बंबावर काम करणाऱ्या प्रत्येकानं ओल्या कुंकवात हात बुडवून बंबावर पंजा उमटवायचा. कायम असलेल्यांनी बाहेरून. हंगामी असलेल्यांनी कप्प्याच्या आत, कारण बाहेर जागा राहायची नाही. त्या वर्षी मॅनेजरची जीप, वजनकाटा आणि हेडक्लार्कचा टाइपरायटर यांची पूजा आधी झाली, टाइपरायटरच्या एकेका अक्षराला कुंकू लागलं, आणि कडुबापर्यंत येईतो ताट रिकामं झालं. फोरमन ओरडत होता. शेजारी एका डब्यात लाल काहीतरी होतं. कडुबानं हात बुडवला आणि दाबला. तो ऑइलपेंट होता.

“मला ठावं व्हतं,” हे कळल्यावर कडुबा म्हणाला. “कुंकू पुसून जातंय. म्हन्लं, टिकाऊ करावं.”

तो हात महिनाभर लाल होता. त्याची बायको सारजाबाई रोज संध्याकाळी त्याला उंबऱ्यात बसवून घासलेटानं तो हात घासायची. वर, रंग पोटात जाईल म्हणून महिनाभर तिनं त्याला स्वतःच्या हातानं जेवू घातलं. मुकुंदवाडीत त्या गल्लीत याची एवढी चर्चा झाली, की दोन-तीन नवऱ्यांनी रंगाचा डबा कुठं मिळतो याची चौकशी केली.

दीड वर्षानं, मार्चात, रुईच्या गोदामाला आग लागली. रुईची आग बाहेरून विझते आणि गाठीच्या पोटात चालू राहते. गाठी ओढून, फाडून, आत पाणी घालावं लागतं. कडुबा पाइप घेऊन आत गेला. ड्रायव्हरनं पंप सोडायचा नाही, हा नियम. मुंजाबानं सोडला नाही. छप्पर बसलं तेव्हाही तो पंपापाशीच होता, आणि त्यानंतर अकरा मिनिटं तो पाणी देत होता. पाइप धरायला पलीकडं कुणी नव्हतं, हे त्याला बाराव्या मिनिटाला सांगण्यात आलं.

सारजाबाईला बांधलेलं गाठोडं दाखवलं. हात दाखवले नाहीत. कडुबाचा फोटोही नव्हता. गिरणीच्या एका ग्रुप फोटोत तो होता, पण फोटोवाल्यानं ‘हसा’ म्हटल्यावर याला हुक्की आली आणि यानं घंटेचा दोर ओढला. फोटोत सगळे घंटेकडं बघताहेत आणि कडुबाच्या तोंडासमोर घंटा आहे.

म्हणजे कडुबाचं या जगात जे काही उरलं होतं, ते त्या दाराच्या आत होतं.

मुंजाबानं हे सगळं सांगून झाल्यावर चारुतानं हातमोजे काढले. मग परत घातले. “काका, याला काहीही होणार नाही,” ती म्हणाली. “उद्घाटन खंडेनवमीलाच करू. सारजाबाईंना बोलवा.”

मुंजाबा त्याच संध्याकाळी सारजाबाईकडं गेला. ती मुकुंदवाडीत भाच्याच्या घरी राहायची. आधी तिला काही समजेना.

“बंब घावला? आपला?”

“व्हय.”

“आन त्यो हात?”

“हाय तसाच हाय, वहिनी.”

सारजाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “कपाळाला कुंकू नाय, घरात फोटो नाय. पोरं इचारत्यात, आजी, आजोबा कसे दिसत व्हते? म्या म्हनते, घंटीवानी.” आणि तिनं तोंडाला पदर लावला. हसायला का रडायला, ते मुंजाबाला कळलं नाही.

बंबाचं काम रामेश्वर नावाच्या पेंटरकडं होतं. चारुतानं त्याला नीट शिकवलं: जिथं निळी चिकटपट्टी लावलीय, तिथं हात लावायचा नाही. बाकीचं घासायचं, खड्ड्यांत लांबी भरायची, रंगवायचं. बंबावर तिनं अशा तेवीस पट्ट्या लावल्या. घंटेवर, जुन्या अक्षरांवर, आणि पंज्याभोवती चौकट करून चार.

रंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी श्रीनिवासराव काही पाहुणे घेऊन येणार होते. मुंजाबा सकाळी सातला शेडमध्ये आला आणि त्याला बंब दिसला. अंगभर चिंध्या चिकटवलेला.

गिरणीत रोज सकाळी तपासणी व्हायची. फोरमनचा नियम असा, की तपासणीला उभ्या असलेल्या बंबावर चिंधी, चिकटपट्टी, खडू, पक्ष्याची शीट, काही दिसता कामा नये. चौदा वर्षं मुंजाबानं ते पाळलं होतं. साहेब येणार आणि बंब असा उभा, हे त्याच्या हातांना सहन होईना. पट्ट्या कशासाठी आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. साहेब लोक गेले की परत लावू, असा त्याचा हिशेब होता. त्यानं तेवीसच्या तेवीस पट्ट्या नखानं हलकेच काढल्या, आणि वाया जाऊ नयेत म्हणून रामेश्वरच्या लाकडी स्टुलाला ओळीनं चिकटवून ठेवल्या.

पाहुणे आले. मुंजाबाच्या अंगावर त्यांनी शाल घातली. त्याला बंबाच्या पायरीवर उभं करून फोटो काढले, आगीच्या गोष्टी सांगायला लावल्या, आणि त्यानं सांगितल्या, जरा जास्तच. एकानं विचारलं, “भीती नाही वाटायची?” मुंजाबा म्हणाला, “भ्या वाटायला टाइम कुठं व्हता?” आणि सगळे हसले, आणि ते हसणं त्याला फार आवडलं. मग श्रीनिवासराव म्हणाले, चला, तुम्हाला घरी सोडतो. एकाहत्तर वर्षांत मुंजाबाला कुणी कारनं घरी सोडलं नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी पाहावं म्हणून तो उतरल्यावर दार दोनदा लावून बघत राहिला.

पट्ट्या स्टुलावरच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तो अकरा वाजता पोचला. तोवर रामेश्वरनं सकाळपासून नेटानं काम केलं होतं. पॉलिश पेपरनं बंबाचं डावं अंग घासून पार पत्र्यापर्यंत नेलं होतं, प्रायमर मारला होता, आणि त्या अंगाच्या कप्प्यांची दारं आतून पांढरी करून झाली होती. आणि कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, त्याचं स्वतःचं स्टूल सांभाळून ठेवलेलं होतं.

“ताईनं सांगितलं व्हतं ना,” रामेश्वर म्हणाला, “निळी पट्टी दिसली की हात लावायचा नाय. म्या तर सकाळधरनं उभाच हाय, चाचा. पाय दुखू राह्यले.”

मुंजाबानं डाव्या अंगाचं मागचं दार उघडलं. पांढरं होतं. इतकं छान पांढरं, की त्यात त्याला स्वतःची सावली दिसली.

“इथं एक पंजा व्हता,” तो म्हणाला.

“व्हता की. मला वाटलं इलेक्शनचा. म्हन्लं, ताईला उगं लफडं नको. लई कडक रंग व्हता पन, निघंना. तीन कागद गेले तेवढ्याला.”

मुंजाबा खाली वाकला. बंबाखाली घासलेल्या रंगाची भुकटी पडली होती. लाल, पांढरी, गंजाची, सगळी एक झालेली. रामेश्वरच्या झाडूनं त्यातली निम्मी आधीच नेली होती. त्यानं उरलेल्यातली चिमूटभर उचलली, तळहातावर घेतली आणि तिचं काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला.

चारुता आली. स्टूल बघितलं, दार बघितलं. “पट्ट्या कुणी काढल्या?”

“म्या,” मुंजाबा म्हणाला. “तपासनी व्हती.”

तिला रागवायचं होतं, पण मुंजाबाच्या तळहाताकडं बघून तिला ते जमलं नाही. खालून काही मिळेल का, असं तिनं भिंगानं, दिव्यानं, तिरक्या उजेडात बघितलं. रामेश्वर चांगला कारागीर होता. काही राहिलं नव्हतं.

“सारजाबाईंना मी सांगते, काका.”

“नको. म्या सांगतो.”

तो गेला. सारजाबाईनं नवं लुगडं दाखवलं. खंडेनवमीला नेसायचं. गुलाबी का घेतलं नाय, असं भाचेसून म्हणाली, तर हिनं सांगितलं, लाल हाताम्होरं गुलाबी फिकं पडतंय. मग तिनं हात पुढं केला आणि उलटा-सुलटा करून दाखवला. “भाऊजी, म्या काय ठरीवलंय, सांगू का? त्या हाताला हात लावायचा. बस. पूजा-बिजा काय नाय. पस्तीस साल झाले.”

मुंजाबा दोन कप चहा प्यायला आणि परत आला.

पुढचे दोन दिवस तो लोकांच्या तोंडाकडं बघायचा बंद झाला. हातांकडं बघायचा. चहावाल्याचा हात मोठा. रामेश्वरचा मोठा. श्रीनिवासरावांचा मऊ. चारुताचा लहान होता, पण बोटं लांब, लिहिणाऱ्या माणसाची. सिटीबसमध्ये एका कंडक्टरचा हात अगदी बेताचा दिसला, तर मुंजाबा त्याच्या मागं दोन स्टॉप जास्त गेला. “काका, तिकीट इथपर्यंतचंच आहे,” कंडक्टर म्हणाला. आता चालत्या बसमध्ये परक्या माणसाला काय सांगणार, की तुमचं करंगळीचं एक पेर दुमडून थोडा वेळ मेलेला माणूस व्हाल का?

शेवटी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, रामेश्वर जेवायला गेल्यावर मुंजाबानं लाल ऑइलपेंटचा डबा उघडला. स्वतःची करंगळी मधल्या सांध्यापाशी दुमडली, दोऱ्यानं बांधली. हात बुडवला. जेवढा आक्रसून घेता येईल तेवढा घेतला आणि दारावर दाबला.

एवढ्याशा कामाला त्याला पंपावरच्या अकरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी चारुता बोर्ड लावायला आली. बोर्डावर छापलेलं होतं: ‘कै. कडुबा यांच्या हाताचा ठसा, खंडेनवमी, १९८९.’ तिनं दार उघडलं आणि मुंजाबाकडं बघितलं. मुंजाबाचा उजवा हात गमज्यात गुंडाळलेला होता.

“काका, हे चालत नाही,” ती हळू म्हणाली. “आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.”

“आमाला बी पयल्या दिवशी लई शिकवलं, ताई,” मुंजाबा म्हणाला. “पंप सोडायचा नाय. पट्टी ठिवायची नाय. म्या सगळं पाळलं.”

चारुता बोर्ड हातात घेऊन थांबली. मग दाराशेजारी लावून निघून गेली. तिरका लागला होता. सरळ करायला ती थांबली नाही.

खंडेनवमीला पाहुणे दहाला येणार होते. सारजाबाई आठलाच आली, एकटी. लोकांच्या देखत नको, असं तिनं आधीच सांगितलं होतं. शेडमध्ये मुंजाबा होता, चारुता होती आणि घंटेला झेंडूचा हार घालत असलेला रामेश्वर होता.

सारजाबाईनं बंबाकडं बघितलं. “केवढासा हाय,” ती म्हणाली. “मला वाटायचं, लई मोठा व्हता.”

मुंजाबानं डाव्या हातानं कप्पा उघडला.

तिनं चप्पल काढली. पदर सारखा केला. चष्मा होता, तो काढून पिशवीत ठेवला, जसा काही तिकडून कुणी तिला बघणार होतं. मग ती पुढं झाली आणि आपला हात त्या पंज्यावर ठेवला.

हार घालता घालता रामेश्वर थांबला.

तिनं हात काढला. तो लाल झाला होता. पस्तीस वर्षांपूर्वीचा रंग ओला होता.

सारजाबाईनं आपल्या तळहाताकडं बघितलं. मग दाराकडं. परत हात लावला, या वेळी बोटाला बोट लावून, मापल्यासारखा. तिची बोटं पंज्याच्या बोटांच्या आतच संपली.

“त्यांचा हात माझ्यापरीस बारका व्हता,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून असं नाही. “बांगड्या घ्यायला जायचो, तर कासार म्हनायचा, मालकाला बी भरू का?”

मग ती वळली.

“भाऊजी, हात दाखवा.”

“वहिनी…”

“दाखवा म्हन्ते.”

मुंजाबानं गमजा सोडला. हात मनगटापर्यंत लाल होता. करंगळीवर दोऱ्याचा पांढरा वळ होता.

त्यानं मग सगळं सांगितलं. पट्ट्या, पाहुणे, शाल, कार. कारचं दार दोनदा लावलं, तेही सांगितलं. सारजाबाई ऐकत होती.

“मंग त्यांचा ह्याच्या खाली हाय का? रंगाच्या आत?”

मुंजाबानं चारुताकडं बघितलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. चारुताही हो म्हणाली असती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. रामेश्वरनं तर मान हलवायला सुरुवातही केली होती.

“नाय,” मुंजाबा म्हणाला. “घासून गेला, वहिनी. पार गेला.”

त्यानं शर्टाच्या खिशातून तंबाखूची चुन्याची डबी काढली आणि उघडून तिच्यापुढं धरली. आत चिमूटभर भुकटी होती. “ह्यात असंल तर असंल. रंग बी हाय, गंज बी हाय. मला निवडता येईना.”

सारजाबाईनं डबी घेतली, झाकण लावलं आणि कमरेला खोचली. गाठोडं घेतलं होतं, तेव्हाही ती अशीच ते उचलून निघाली होती, हे मुंजाबाला आठवलं. त्याला वाटलं, आता ती जाईल.

ती रामेश्वरला म्हणाली, “घासलेट हाय का रे?”

“घासलेट आता कुठं मिळतंय, मावशी? थिनर हाय.”

“आन.”

तिनं त्या पट्ट्या लागलेल्या स्टुलावर मुंजाबाला बसवलं, स्वतः खाली फरशीवर बसली, त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि चिंधीनं घासायला लागली. तळवा, बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख. तिला काही आठवावं लागत नव्हतं. कुठं रंग राहतो, कुठून निघत नाही, सगळं तिच्या हाताला पाठ होतं. मुंजाबा दुसरीकडं बघत होता. त्याच्या गालावरून पाणी चाललं होतं, आणि पुसायला एक हात तिच्याकडं आणि दुसऱ्यात गमजा अडकलेला.

“थिनरचा वास डोळ्यात जातो,” रामेश्वर म्हणाला. चारुतानं त्याच्याकडं बघितलं, तेव्हा तो परत घंटेला हार घालायला लागला.

हात निम्माशिम्मा निघाल्यावर सारजाबाई उठली आणि तीच चिंधी घेऊन दारापाशी गेली.

“राहू द्या ना आता,” चारुता म्हणाली. “मुंजाबाकाकांचा म्हणून राहू द्या. मी बोर्ड बदलते.”

“जित्त्या मानसाचा हात तिथं कशाला?” सारजाबाई म्हणाली. “त्यांना अजून भाकरी खायची हाय त्या हातानं.”

तिनं पंजा पुसला. ओला होता, लगेच निघाला. दार पुन्हा पांढरं झालं, कडेला थोडं गुलाबी.

“तिथं काय लिहू, आजी?”

सारजाबाईनं विचार केला. “ल्ह्या की, हितं कडुबाचा हात व्हता.”

“एवढंच?”

“साडेचार बोटाचा. तेवढं ल्ह्या.”

चारुतानं बोर्ड काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं लिहिलं. या वेळी तिनं तो सरळ लावला.

दहाला पाहुणे आले. भाषणं झाली. एका पाहुण्यांनी बंबाला रोडरोलर म्हटलं आणि रोडरोलरवाल्या सकाळची आठवण काढली; ते अजून रागावलेले होते. पूजेला ताटभर ओलं कुंकू ठेवलं होतं. बंबाच्या बाहेरच्या अंगावर सगळ्यांनी पंजे उमटवले, विमावाल्यानंही. श्रीनिवासरावांनी मुंजाबाला हाताला धरून पुढं आणलं, तर त्याचा हात आधीच लाल. “तुमचा झाला वाटतं,” ते म्हणाले.

“झाला,” मुंजाबा म्हणाला.

लोक कप्प्याचं दार उघडून बघत होते. आत बोर्ड वाचत, मग पांढऱ्या दाराकडं बघत, मग परत बोर्डाकडं. एका बाईनं लेकराला उचलून दाखवलं. “कुठंय?” लेकरानं विचारलं. “होता,” ती म्हणाली आणि दार हळूच लावलं, आत कुणी झोपलेलं असावं तसं.

प्रसाद वाटायला लागले. मुंजाबानं सवयीनं उजवा हात पुढं केला. नखांच्या कडेला, रेघांमध्ये रंग तसाच होता. तो महिनाभर तरी निघणार नव्हता.

सारजाबाईनं तो हात बाजूला सारला.

“त्या हातानं खाऊ नगा, भाऊजी. रंग पोटात जातोय,” ती म्हणाली आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या डाव्या हातावर ठेवला.